मोतीराम तायडे यांचं तीन माणसांचं मंडळ

मोतीराम तायडे वजनमापे खात्यातून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली, पण अकोल्याच्या जुन्या शहरातले भाजीवाले त्यांना लांबून येताना पाहिलं की अजूनही काटा आधी त्यांच्याकडे फिरवतात आणि मगच भाव सांगतात. एकतीस वर्षं या माणसाने दुकानादुकानांत जाऊन मापं तपासली, तराजूंवर शिक्के मारले. खात्याने खुर्ची काढून घेतली, सवय मात्र त्यांच्यापाशीच राहिली. लग्नात सूत्रसंचालक म्हणाला की वधूवर दोन मिनिटांत मंचावर येतील, तर मोतीराम घड्याळाकडे बघून शेजाऱ्याला सांगणार, "चौदा झाले." साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, पेढ्याचा डबा घरी आला की आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा. जाईबाई, म्हणजे त्यांची बायको, याला कंटाळली होती असं नाही. ती फक्त म्हणायची, "एकदा माह्या बोलन्याचंबी वजन करून पाहा. मंग समजन घरात जास्त कोन बोलते."

त्यांचा मुलगा ललित अमरावतीला नोकरीला आहे आणि सून दीपमाला तिथल्याच एका खासगी शाळेत मराठी शिकवते. व्याकरणाच्या तासाला पोरं दीपमालाचं जितकं ऐकून घेतात त्याहून जास्त मधल्या सुट्टीत तिला सांगतात: कोणाचं घरी पटत नाही, कोणाला गणिताच्या तासाला घाम फुटतो. दिवाळीनंतर संस्थेने ठरवलं की शाळेला समुपदेशक नेमायचा. संस्थेचे सचिव खुशालराव ढोरे नागपूरला एक व्याख्यान ऐकून आले होते आणि तिथून ते एनएलपी नावाचा शब्द घेऊन परतले होते. नोटीस बोर्डावर लागलं: आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त एनएलपी प्रमाणपत्र असणाऱ्यास प्राधान्य.

दीपमालाला ती जागा हवी होती; तिने अकोल्याला सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, दोन ठिकाणी कोर्स आहे. एक तुमच्या अकोल्यात, सात दिवसांचा. एक इथं अमरावतीत, अठरा रविवारांचा. दोघंबी म्हनतात आमचंच आंतरराष्ट्रीय. तुमी पाहता का जरा?"

"हे एनएलपी म्हनजे काय असते?" मोतीरामांनी विचारलं.

"न्यूरो लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. म्हनजे आपन मनाशी आनि दुसऱ्याशी कसं बोलतो, त्याच्यावरून सवयी, भीती बदलता येतात असं ते म्हनतात."

"म्हनतात, का येतात?"

"तेच तर तुमाले पाहाले सांगून राहिली ना."

दोन वर्षांत कोणी मोतीरामांना असं काम सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला, कपाटातून जुनी कातडी बॅग काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि नत्थुजींना निरोप धाडला. नत्थुजी इंगळे हे त्याच खात्यातले निवृत्त शिपाई. साहेब जिथे जाईल तिथे दोन पावलं मागे चालायची त्यांनाही सवय होती, आणि तीही सुटली नव्हती.

अकोल्याच्या कोर्सवाल्याचं नाव शिवम काळबांडे. वय चौतीस, निळा कोट, कानाला लावलेला माईक. आधी विमा विकायचा, आता आत्मविश्वास विकतो. त्याचं मोफत परिचय सत्र एका मंगल कार्यालयात होतं. साठ-सत्तर माणसं जमली होती. मागे मोठ्या पडद्यावर सोनेरी शिक्का झळकत होता: वर्ल्ड सुप्रीम कौन्सिल ऑफ एनएलपी मास्टर्स. मोतीराम आणि नत्थुजी तिसऱ्या रांगेत बसले.

शिवमने सांगितलं की माणसाचे डोळे वर उजवीकडे गेले की तो गोष्ट रचतो आहे, डावीकडे गेले की आठवतो आहे. सात दिवसांच्या कोर्सनंतर कोणी तुमच्याशी खोटं बोलूच शकणार नाही. मग त्याने प्रयोगासाठी माणूस मागितला, आणि मोतीरामांचा हात त्यांच्या नकळत वर गेला.

"काका, तीन गोष्टी सांगा. दोन खऱ्या, एक खोटी. मी ओळखतो."

मोतीराम उभे राहिले. शांत आवाजात म्हणाले, "मी धारणीले दहा वर्षं पोस्टमास्तर होतो. मले नुसतं दूध पचत नाई. आनि चिखलदऱ्याच्या एका हॉटेलवाल्यानं माह्या डोळ्यादेखत पाच किलोचं वजन विहिरीत फेकलं होतं."

शिवमने त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मग हसून सभागृहाकडे वळला. "विहीर खोटी आहे. काकांचे डोळे सरळ उजवीकडे गेले."

टाळ्या पडल्या. नत्थुजींना ठसका लागला तो काही केल्या थांबेना, आणि त्यांना बाहेर पाण्याच्या माठापाशी न्यावं लागलं. ते वजन काढायला कंबरेला दोर बांधून विहिरीत उतरले होते ते स्वतः नत्थुजीच. मोतीरामांनी मात्र शिवमला दुरुस्त केलं नाही. तपासणीत पहिल्या दिवशी दुकानदाराला काही बोलायचं नसतं, फक्त लिहून घ्यायचं असतं.

सत्र संपल्यावर शिवमने त्यांना चहाला आत नेलं. समोरासमोर बसल्यावर मोतीरामांच्या लक्षात आलं की आपण कान खाजवला की हाही कान खाजवतो. आपण पायावर पाय टाकला की हाही टाकतो. ही त्या विद्येतलीच एक युक्ती असते, समोरच्यासारखं बसायचं म्हणजे त्याला आपण जवळचे वाटतो, हे त्यांना नंतर दीपमालाने सांगितलं. त्या वेळी त्यांना एवढंच कळलं की याची परीक्षा घेता येईल. त्यांनी कप डाव्या हातात घेतला. शिवमनेही घेतला. त्यांनी रुमाल काढून डोक्यावर ठेवला. शिवमचा हात खिशाकडे गेला, थबकला, परत आला. तेवढ्यात त्यांनी चहा बशीत ओतून जोरात भुरका मारला. शिवमने बशीकडे पाहिलं, निळ्या कोटाकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"कोर्समध्ये नापास किती झाले आजवर?" मोतीरामांनी विचारलं.

"काका, आमच्याकडे फेल्युअर नसतंच. फक्त फीडबॅक असतो."

"बरं. मंग फीडबॅक किती जनाले भेटला?"

शिवमने हसून बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. कौन्सिलचा अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर कळलं की शिवमचे गुरू. गुरूंना प्रमाणपत्र कोणी दिलं, तर कौन्सिलने. त्यावर सही कोणाची, तर अध्यक्षांची. मोतीरामांनी हे वहीत तीन ओळींत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

घरी येऊन त्यांनी नऊ प्रश्न तयार केले. प्रत्यक्ष वर्गात किती तास. व्हिडिओवर किती. परीक्षा शिकवणाराच घेतो का बाहेरचा माणूस. शिकणाऱ्याला सराव करताना कोणी पाहतं का. गेल्या तीन वर्षांत नापास किती. कोणाचं नुकसान झालं तर तक्रार कुठे करायची. त्या तक्रारीचं पुढे काय होतं. कुठे थांबून डॉक्टरकडे पाठवायचं हे शिकवता का. असे आठ. नववा प्रश्न त्यांच्या विशेष आवडीचा होता: हे प्रमाणपत्र द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. दोन्ही कोर्स ज्या संघटनांची नावं सांगत होते त्या दोन्हींनाही हे पाठवायचं ठरलं. इंग्रजी दीपमाला करून देणार होती.

अडचण जाईबाईने काढली. "तुमाले कोन उत्तर देइन? मोतीराम तायडे, राहनार जुनं शहर. कोनी उघडूनबी पाहनार नाई. संस्था पाहिजे काहीतरी."

म्हणून संस्था निघाली. मनोभाषा प्रशिक्षण चौकशी मंडळ, अकोला. अध्यक्ष मोतीराम, सदस्य जाईबाई, सचिव नत्थुजी. लेटरहेड छापून आलं. नत्थुजींनी स्वतःच्या डोक्याने एक गोल रबरी शिक्काही करून आणला, मधोमध तराजू असलेला. मोतीरामांनी तो हातात घेतला, शाईच्या गादीवर टेकवला आणि रद्दीच्या कागदावर एकदा मारला. मग आणखी एकदा. जाईबाई दारातून पाहत होती.

अमरावतीच्या कोर्सची संघटना म्हणजे प्रॅक्टिशनर्स गिल्ड. तिच्याकडून तीन आठवडे काही आलं नाही. सुप्रीम कौन्सिलचं उत्तर मात्र अकरा मिनिटांत आलं. नऊपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. त्याऐवजी मंडळाचं हार्दिक अभिनंदन होतं, आणि सोबत एक रंगीत प्रमाणपत्र जोडलेलं होतं, ज्यानुसार श्री. मोतीराम तायडे हे आजपासून मास्टर ट्रेनर आणि मध्य भारताचे विभागीय संचालक होते.

"एक तासबी शिकलो नाई," मोतीराम म्हणाले.

"मीबी नाई," नत्थुजी म्हणाले. "माह्यासाठी मांगून पाहा ना."

मागितलं. नऊ मिनिटांत नत्थुजीही मास्टर झाले. जाईबाईने स्वतःचं नाव द्यायला साफ नकार दिला. म्हणाली, पोळ्या लाटायच्या आहेत.

गिल्डचं उत्तर आलं ते बारा पानांचं, कोरडं, एकही चित्र नसलेलं. एकशे पंचवीस तास समोरासमोर. व्हिडिओ त्यात धरत नाही. परीक्षेला बाहेरचा परीक्षक. गेल्या तीन वर्षांत शेकडा एकोणीस पहिल्या वेळी नापास. तक्रार समिती, तिचा पत्ता. आणि नवव्या प्रश्नाला सरळ लिहिलेलं: आम्हाला हा अधिकार कोणत्याही सरकारने दिलेला नाही, या क्षेत्रात सगळ्या संघटना खासगीच आहेत, आम्ही आमच्या सभासदांना बांधलेले आहोत, इतकंच. शिवाय या विद्येतले काही दावे शास्त्रीय तपासणीत टिकलेले नाहीत, आणि हे प्रमाणपत्र म्हणजे मानसोपचाराचा परवाना नाही.

मोतीरामांनी ते पान दोनदा वाचलं. एकतीस वर्षांत एकाही दुकानदाराने त्यांना आपण होऊन सांगितलं नव्हतं की साहेब, माझ्या काट्यात एवढी एवढी खोट आहे.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण मंडळाचं नाव फुटलं. कौन्सिलने नवीन विभागीय संचालकाचं नाव मंडळाच्या पत्त्यासकट आपल्या यादीत टाकलं होतं, आणि शिवम काळबांडेने ते वाचलं. एका सकाळी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा. या वेळी तो जमिनीवर मांडी घालून बसला, कोट घालूनच.

"सर, त्या दिवशी मी ओळखलं नाही तुम्हाला. आमच्या ब्रोशरवर मंडळाची मान्यता मिळाली तर फार बरं होईल."

मोतीरामांनी सांगायला हवं होतं की मंडळ म्हणजे मी, माझी बायको आणि नत्थुजी. ते शब्द ओठांवर आलेही. पण दोन वर्षांत त्यांच्यासमोर असं कोणी बसलं नव्हतं, कागद पुढे करून, शिक्क्याची वाट पाहत. ते म्हणाले, "मंडळाची बैठक घ्या लागन. पाहू."

शिवमने 'पाहू' याचा अर्थ होकार घेतला. आठवड्याभरात बसस्टँडजवळ फलक लागला: अकोला चौकशी मंडळाच्या देखरेखीखाली. वाशिमहून एका ट्रेनरचा फोन आला, मान्यतेचा अर्ज कुठे मिळतो. नत्थुजींनी त्याला अर्ज लिहायला सांगितलं, तोही पक्क्या सरकारी आवाजात. मोतीराम रागावले, पण थोडं हसूही आलं.

हसू गेलं ते दीपमालाच्या फोनने.

"बाबा, मी सचिवसाहेबाले गिल्डचे आनि कौन्सिलचे दोन्ही कागद दाखवले. ते म्हनतात, मॅडम, हे विदेशी आमाले काही समजत नाई. अकोल्याले एक मंडळ आहे म्हनतात, त्याइचा शिक्का आना, आमी घेऊ. बाबा, ते तुमचंच मंडळ हाय ना?"

मोतीराम खाटेवर बसले. समोर शिक्का होता, शाईची गादी होती, लेटरहेड होतं. सून घरची, हुशार, पोरांची लाडकी. एक कागद, एक ठसा, आणि काम झालं असतं. कोणालाही कळलं नसतं. तिकडे दीपमाला मागतही नव्हती आणि नको असंही म्हणत नव्हती.

"मी उद्या येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मूर्तिजापूरमार्गे एसटीने अमरावतीला गेले. नत्थुजी दोन पावलं मागे होतेच. खुशालराव ढोरे सत्तरीच्या घरातले, पांढरा सदरा, टेबलावर काचेखाली देवांचे फोटो. मंडळाचे अध्यक्ष स्वतः आले म्हटल्यावर त्यांनी दह्यातला गिला वडा मागवला.

"साहेब, मंडळात तीन मानसं हायेत," मोतीराम म्हणाले. "एक मी. एक हे नत्थुजी, खात्यातले शिपाई. तिसरी माही बायको. आमी तिघं मिळून काहीच जानत नाई. शिक्का याइनं बजारातून करून आनला."

खुशालरावांचा हात वड्यावर थांबला. "मंग तुमी लोकाइले फसवून राहिले होते काय?"

"होतो. थोडंसं," मोतीराम म्हणाले. "आधी मजा म्हनून. मंग शिक्का सुटेना म्हनून."

नत्थुजींना हे साहेबांचं बोलणं सहन झालं नाही. ते मागून म्हणाले, "मलेबी मास्टर केलं त्याइनं, साहेब. नऊ मिनिटांत. पाहा," आणि त्यांनी प्रमाणपत्राची प्रिंट टेबलावर ठेवली, देवांच्या फोटोंवर.

खुशालरावांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं. मग म्हणाले, "मंग आता आमी कोनत्या सर्टिफिकेटवाल्याले घ्याचं?"

मोतीरामांनी नऊ प्रश्न आणि गिल्डची बारा पानं पुढे ठेवली. खुशालराव वाचत गेले. डॉक्टरकडे कधी पाठवायचं त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, मानसोपचाराचा परवाना नाही या ओळीवर परत थांबलं. "म्हनजे," ते हळूहळू म्हणाले, "पोरांच्या मनाचं काम देनार असू, तर मानसशास्त्र शिकलेलाच मानूस पाहिजे. हे एनएलपी असलं तर असो, नसलं तर नसो."

"तसंच वाटते," मोतीराम म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या सुनेने एम.ए. मराठीत केलं आहे.

जानेवारीत नोटीस बदलली. पद मानसशास्त्राच्या एका पदवीधर मुलीला मिळालं, ती परतवाड्याची. जाईबाई म्हणाली, "वा. दुसऱ्याच्या पोरीले नोकरी लावून आले." दीपमाला आठ दिवस सासऱ्यांशी फोनवर बोलली नाही. नवव्या दिवशी तिने फोन केला आणि पहिलंच वाक्य बोलली, "मी त्या नव्या मुलीसंग बसले होते आज. तिले खरंच येते, बाबा." मग थोडं थांबून, "पन मी तो अठरा रविवारांचा कोर्स करून राहिली. नोकरीसाठी नाई. मले शिकाचं हाय."

मंडळ बरखास्त झालं. शिवमच्या फलकावरून नाव उतरवायला मोतीराम स्वतः शिडी लावून गेले. शिवमने शिडी धरली, आणि वर बघून विचारलं, "सर, ती विहीर खरी होती का?" मोतीराम म्हणाले, "नत्थुजीले विचार." नत्थुजींनी ती गोष्ट त्याला तपशीलवार सांगितली, पाण्याची खोली, दोराची लांबी आणि वर आल्यावर साहेबांनी पाजलेला चहा यासकट. शिवमने पुढच्या सत्रापासून डोळ्यांचा प्रयोग बंद केला असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं, आता तो फक्त चाळिशीच्या आतल्या माणसांवरच करतो.

अमरावतीचा कोर्स घेणाऱ्या चंदा इंगोले बाई वेगळ्याच. रेडिओवर बातम्या वाचतात तसा आवाज, साधी सुती साडी, भिंतीवर एकही शिक्का नाही. नऊ प्रश्न कोणी केले ते पाहायचं म्हणून त्यांनी मोतीरामांना एका रविवारी मागे बसू दिलं. त्या दिवशी एक शिक्षक सांगत होता की त्याने एका उदास मुलावर सराव केला. बाईंनी त्याला मध्येच थांबवलं. "तो जेवत नाही, झोपत नाही म्हणालात ना? हे आपलं काम नाही. उद्या त्याला डॉक्टरकडे न्या, आणि नेलंत की मला कळवा." मोतीरामांनी डोळ्यांच्या खुणांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "ते तपासून पाहिलं लोकांनी, नाही टिकलं. मी शिकवत नाही." मोतीरामांनी वहीत काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखी चूकच सापडली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना जरा खटकली.

बाईंनी मग त्यांना परीक्षेच्या दिवशी त्रयस्थ म्हणून बोलवायला सुरुवात केली. पद नाही, शिक्का नाही. कोपऱ्यात बसायचं, वेळ नोंदवायची, परीक्षक कोणाला झुकतं माप देत नाही ना ते पाहायचं. पण मे महिन्यात दीपमालाची पाळी आली तेव्हा मोतीराम स्वतःच उठून बाहेर गेले. सून आहे, मी आत बसणार नाही, असं म्हणाले. कूलरची हवा दाराच्या फटीतून येत होती तिथे ते पायरीवर बसले. चाळीस मिनिटांची परीक्षा एक तास दहा मिनिटं चालली. त्यांनी घड्याळ पाहिलं, पण कोणाला सांगायला शेजारी कोणी नव्हतं. नत्थुजी त्या दिवशी आजारी होते.

दीपमाला बाहेर आली. पदराने कपाळ पुसलं.

"नापास," ती म्हणाली. "समोरच्यानं बोलनं संपवाच्या आधीच मी सल्ला देते म्हनतात. ऐकत नाई."

मोतीरामांनी एवढंच विचारलं, "खरं हाय का ते?"

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "हाय," ती म्हणाली. "पोरं बोलत असतात तवा मी उत्तर तयार करत असते."

मोतीरामांना खूप काही सांगायचं होतं: की पहिल्या वेळी पाचातला एक जण नापास होतो, की त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या परीक्षेला ते दोनदा बसले होते आणि हे त्यांनी आजवर जाईबाईलासुद्धा सांगितलेलं नाही. पण ते गप्प राहिले. दीपमाला बोलत राहिली, शाळेबद्दल, सातवीतल्या एका मुलीबद्दल, परतवाड्याच्या त्या नव्या समुपदेशक पोरीबद्दल, आणि पुढच्या वर्षी मानसशास्त्राला बाहेरून प्रवेश घ्यायचा म्हणते त्याबद्दल. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. मोतीराम ऐकत होते.

ऑगस्टमध्ये ती दुसऱ्यांदा बसली आणि पास झाली. परीक्षक पुण्याहून आलेला होता, आणि त्याला तिचं वऱ्हाडी बोलणं जरा कडक वाटलं, असं त्याने शेऱ्यात लिहिलं. दीपमालाने तो शेरा फोनवर वाचून दाखवला तेव्हा जाईबाई पलीकडून म्हणाली, "त्याले म्हनाव, आमी आमच्या पोराइशी बोलतो, तुह्याशी नाई."